राफा बेनिटेझ: एवढी हुर्यो का उडाली, आणि काम नेमकं कसं होतं?

दांडियाबाजार_ब्लू

मंडळी, पुढच्या बैठकीत आपण बडोद्याची चेल्सीवाली (इंग्लंडच्या चेल्सी फुटबॉल क्लबची चाहती) मंडळी २०१३ ची युरोपा लीग फायनल मोठ्या पडद्यावर लावतोय. नव्या पोरांचा प्रश्न रास्त आहे: ज्या मॅनेजरने, म्हणजे बेनिटेझने, कप आणला, त्याची स्वतःच्याच मैदानावर पहिल्या दिवसापासून हुर्यो का? फायनल पूर्ण दाखवली की हातात जेमतेम अर्धा तास उरतो. त्यात कुठले तुकडे दाखवू? आणि राग माणसावर होता की कामावर, तेही सांगा. नुसतं 'मला तो कधीच आवडला नाही' हे सेवउसळ खाताना बोलू, इथे तारखा आणि आकडे द्या.

रावपुरा_१६

राग तो येण्याच्या आधीपासूनचा आहे. २००४ ते २०१० तो लिव्हरपूलला होता आणि तेवढ्यात चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला त्याने आपल्याला दोनदा घरी पाठवलं. २००५ ला लुईस गार्सियाचा तो गोल (चेंडू रेषेपार गेला की नाही, यावर आजही दोस्ती तुटते) आणि २००७ ला पेनल्टी शूटआउट. मधे २००६ ला एफए कपची सेमीही घालवली. वर २००७ लाच टोमणा मारला की आमच्या प्रेक्षकांनी गावं म्हणून आम्हाला (तुमच्या क्लबसारखे) झेंडे वाटावे लागत नाहीत. हे झेंडे कुणी विसरलं नाही.

त्यात तो आला कुणाच्या जागी? डी मॅटिओच्या! १९ मे २०१२ ला म्युनिकमध्ये ज्याने चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, त्याला २० नोव्हेंबरला युव्हेंटसकडून ०-३ हरल्यावर दुसऱ्याच दिवशी नारळ, आणि त्याच दिवशी बेनिटेझची नेमणूक, तीही फक्त सीझन संपेपर्यंत. बडोद्याने कवळाण्याहून दत्तक आणलेल्या मुलाला (सयाजीरावांना) डोक्यावर घेतलं होतं. आपल्या मैदानावर, स्टॅमफर्ड ब्रिजवर, हा पाहुणा म्हणूनसुद्धा नको होता.

पोरांना २५ नोव्हेंबरची मँचेस्टर सिटीविरुद्धची मॅच दाखव. ०-० आहे, खेळ बघवत नाही, पण आवाज ऐकण्यासारखा आहे. सुरुवातीची हुर्यो आणि मग १६ वं मिनिट. डी मॅटिओ चेल्सीकडून खेळायचा तेव्हा त्याचा शर्ट नंबर १६, म्हणून त्या मिनिटाला त्याच्या नावाचं गाणं आणि टाळ्या. ही प्रथा पुढे अनेक मॅचना चालू राहिली.

फतेगंज_४२३१

आता कामाचं बोलू. डी मॅटिओच्या त्या सीझनच्या १२ लीग मॅचमध्ये २४ गुण. पण ते फोडून बघा: पहिल्या ८ मध्ये २२ आणि नंतरच्या ४ मध्ये फक्त २. बेनिटेझने उरलेल्या २६ मध्ये ५१ काढले. सरासरी २ विरुद्ध १.९६, म्हणजे जवळपास तीच. त्याने घसरण थांबवली, झेप वगैरे काही नाही. सगळ्या स्पर्धा धरून ४८ मॅच: २८ जिंकल्या, १० बरोबरीत, १० हरल्या.

मांडणी दोघांचीही ४-२-३-१ च (मागे चार बचावपटू, मग दोन मिडफिल्डर, पुढे तिघे आणि एक स्ट्रायकर). फरक पुढच्या तिघांत. आधी माटा, ऑस्कर, हॅझार्ड तिघेही एकदम खेळायचे आणि तिघांनाही चेंडू पायात हवा. फुलबॅक (कडेचा बचावपटू) वर गेला आणि चेंडू सुटला की त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत धावायला कुणी नाही. सगळी पळापळ दोन मिडफिल्डरच्या गळ्यात. बेनिटेझने बऱ्याचदा एका विंगवर रामिरेस किंवा मोझेस ठेवला. चेंडू गेला की तो सरळ फुलबॅकच्या शेजारी. माटाला पुष्कळदा मधे आणलं, म्हणजे फुलबॅकमागे धावायचं काम त्याच्याकडून सुटलं.

दुसरी गोष्ट डेव्हिड लुईझ. क्लब वर्ल्ड कपच्या सेमीत मॉन्टेरीविरुद्ध त्याला मिडफिल्डमध्ये उतरवलं. कारण साधं आहे. सेंटरबॅक (मधला बचावपटू) म्हणून पुढे झेपावताना त्याचा अंदाज चुकला की थेट गोल. वीस मीटर पुढे तीच चूक झाली तर मागे सावरायला दोघे उभे असतात. शिवाय त्याचा लांब पास तिथून स्ट्रायकरपर्यंत पोचतो. २३ डिसेंबरची ॲस्टन व्हिला, ८-० दाखव. सात वेगवेगळ्या खेळाडूंचे गोल, त्यात लुईझची फ्री किक. पण पोरांना सांग, गोल बघू नका. चेंडू गमावल्यानंतरच्या पाच सेकंदांत लुईझ आणि लॅम्पार्ड कुठे उभे आहेत ते बघा.

कारेलीबाग_शेड

फतेगंज, आकडे बरोबर आहेत, पण जानेवारी सोयीस्करपणे गाळलास. २ तारखेला तळाला असलेल्या क्यूपीआरकडून घरी ०-१, गोल आपल्याच जुन्या राइट-फिलिप्सचा. ९ ला लीग कपच्या सेमीत स्वान्सीकडून घरी ०-२. १६ ला साउथॅम्प्टनविरुद्ध २-० वरून २-२. ३० ला रेडिंगविरुद्ध पुन्हा २-० वरून २-२, ल फॉन्ड्रने ८७ व्या मिनिटाला आणि मग भरपाई वेळेत मारून.

दोन गोलांची आघाडी दोनदा गेली, तिला नशीब नाही म्हणत. आघाडी घेतली की लाइन, म्हणजे बचावाची रांग, मागे सरकायची. मागची फळी बॉक्सच्या तोंडाशी गेली की मिडफिल्डही मागे ओढलं जातं आणि स्ट्रायकर टोरेस वर एकटा पडतो. क्लिअर केलेला चेंडू वर थांबत नाही, पाच सेकंदांत परत अंगावर येतो. असं वीस मिनिटं चाललं की एक तरी क्रॉस बसणारच. रेडिंगची मॅच ८५ व्या मिनिटापासून लाव, पाच-सात मिनिटांत सगळं कळेल.

आणि क्लब वर्ल्ड कपची फायनल? कोरिंथियन्सकडून ०-१. तीही त्याच्याच खात्यात.

रावपुरा_१६

जानेवारी मान्य. त्याच चिडचिडीतून २७ फेब्रुवारीचा स्फोट झाला. मिडल्सब्रोविरुद्ध एफए कप २-० जिंकूनही पत्रकारांसमोर म्हणाला की मला 'इंटेरिम' (तात्पुरता) हे पद लावणं ही क्लबची चूक होती, सीझन संपला की मी जाणार, आणि गाणी-फलकांत वेळ घालवणाऱ्यांनी टीमला साथ द्यावी. वाटलं आता आठवड्यात घरी जाईल. झालं उलटंच. जाणार हे पक्कं झाल्यावर भांडायला काही उरलं नाही आणि टीम सरळ खेळायला लागली.

फतेगंज_४२३१

कारेलीबाग, लाइनचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण एप्रिल-मे बघ. त्या सीझनला आपण एकूण ६९ मॅच खेळलो. जानेवारीत स्ट्रायकर डेम्बा बा घेतला, पण तो आधी न्यूकॅसलकडून युरोपा लीग खेळलेला, म्हणून आपल्याकडून त्या स्पर्धेत खेळायला अपात्र. म्हणजे गुरुवारी, युरोपा लीगच्या दिवशी, टोरेस ठरलेलाच, बा लीग आणि एफए कपला. टोरेसचे सीझनचे २२ गोल दिसतात, त्यात लीगचे फक्त ८ का, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

मेमधले १८ दिवस: २ ला बासेल ३-१, ५ ला ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड १-०, ८ ला स्पर्स (टॉटनहॅम) २-२, ११ ला व्हिला २-१ (रामिरेस पहिल्या हाफमध्येच रेड कार्डवर बाहेर, तरी लॅम्पार्डचे दोन, आणि टँबलिंगचा क्लबसाठीचा २०२ गोलांचा विक्रम मोडला), १५ ला फायनल, १९ ला एव्हर्टन २-१. पाच विजय, एक बरोबरी. तिसरा क्रमांक, ७५ गुण. आर्सेनल ७३, स्पर्स ७२. तीन गुण इकडचे तिकडे झाले असते तर चॅम्पियन्स लीगला जाणाऱ्या पहिल्या चारांतून बाहेर, आणि पुढच्या वर्षी नवा मॅनेजर मोरिन्योला पुन्हा गुरुवारच्याच मॅच.

दांडियाबाजार_ब्लू

झकास. आता फायनलमध्ये पोरांना कुठे थांबवून दाखवू?

फतेगंज_४२३१

आधी सांग की हॅझार्ड आणि टेरी दोघेही जखमी होते. मग पहिला हाफ दाखव. समोरची बेनफिका आपल्यापेक्षा सरस आहे, चेंडू सतत त्यांच्याकडे, पण शेवटचा पास बॉक्समध्ये अडतोय. हीच ती मागे सरकलेली लाइन, फक्त या वेळी ती टिकली.

६० वं मिनिट: आपला गोलकीपर चेकने हाताने लांब फेकलेला चेंडू, माटाचा हलका स्पर्श, टोरेस त्यांचा बचावपटू लुइझाओला अंगावर घेत गोलकीपरला वळसा घालून गोल. इथे दोनदा मागे नेऊन दाखव. ६८: अझपिलिक्वेटाचा हात, कार्डोझोची पेनल्टी, १-१. शेवटाकडे लॅम्पार्डचा फटका बारवर. मग ९०+३, उजवीकडून माटाचा कॉर्नर, इव्हानोविच मागे सरत उडतो आणि चेंडू कमान घेऊन आत.

कारेलीबाग_शेड

आणि सांग की १५ ते २५ मे २०१३ चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग, दोन्ही कप आपल्याकडे होते, बायर्न वेम्बलीवर जिंकेपर्यंत. पहिला डी मॅटिओचा, दुसरा याचा. गाणं मात्र फक्त पहिल्याचंच गायलं गेलं, आणि माझ्या मते त्यात काही चुकीचं नाही.

दांडियाबाजार_ब्लू

ठरलं मग. सिटीची १६ व्या मिनिटाच्या आसपासची पाच मिनिटं, व्हिलाची दहा, रेडिंगचा शेवट, मग फायनल. रेडिंग वगळायचा विचार होता, पण कारेलीबाग दारात भांडायला उभा राहील.