चर्चा धागा: छोटी टर्बो गाडी जोरात काढताना चाक जागेवर फिरते, त्यावर उपाय पायात आहे, टायरमध्ये आहे की बटणात?

गिरणाकाठ (जळगाव)

आपल्या खानदेशातील गाडीवेड्यांच्या गटात गेल्या आठवड्यात एक सल्ला फिरला आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. सल्ला असा होता: आय-ट्वेंटी एन लाइन, अल्ट्रोझ रेसर किंवा पोलो टीएसआय यांसारखी गाडी जागेवरून सुसाट काढायची असेल तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरताच इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारी यंत्रणा) बटण दाबून बंद करा, पुढच्या टायरमधली हवा २६ पीएसआयवर (पंपावर दिसणारा दाबाचा अंक) आणा, इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर न्या आणि क्लच एकदम सोडा, चाक फिरले तरी रबर तापून पकड आपोआप येते. यातील पहिली, तिसरी आणि चौथी सूचना म्हणजे चाक जागेवर फिरवण्याचीच कृती आहे. दुसरीविषयी मला फारसे बोलायचे नाही, टायरवाले बोलतील.

थोडा हिशेब करू. एन लाइनच्या एक लिटर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १७२ न्यूटन-मीटर आहे आणि तो १,५०० फेऱ्यांपासूनच हाती येतो. पहिल्या गिअरमध्ये तो चाकापर्यंत जाताना ढोबळमानाने चौदापट होतो असे धरले, तर वाटेतील घर्षण वजा जाता सोळा इंची चाकाशी सुमारे सातशे किलो वजनाइतका जोर पोहोचतो. आता पकडीची बाजू पाहा. चालकासह बाराशे किलोच्या गाडीचे साठ टक्के वजन पुढे धरले तर ते ७२० किलो होते, परंतु गाडी जोरात सुटते तेव्हा भार मागे सरकतो, नाक उचलले जाते आणि पुढच्या चाकांवर सहाशेच्या आसपासच उरते. चांगल्या कोरड्या डांबरावर टायर या भाराच्या ऐंशी-नव्वद टक्के जोर झेलतो, म्हणजे पाचशे. सातशे द्यायचे आणि झेलणार पाचशे, तेव्हा चाक भुईचक्रासारखे फिरणारच. हाच हिशेब दुसऱ्या गिअरमध्ये केला तर जोर चारशेच्या घरात येतो आणि कोरड्या रस्त्यावर चाक धरून राहते. ओल्या रस्त्यावर पकड तीनशेवर येत असल्यामुळे दुसऱ्यातही पाय सांभाळावाच लागतो.

म्हणून रीत साधी आहे. पहिल्यात दीड-दोन हजार फेऱ्यांवर हाफ क्लचने गाडी हलवावी, क्लच पूर्ण सुटल्यानंतर आणि स्टिअरिंग सरळ झाल्यानंतरच पाय दाबत न्यावा, लवकर दुसरा टाकावा आणि खरी धाव दुसऱ्यात घ्यावी. टर्बोची (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंपाची) हवा भरेपर्यंत क्षणभर काहीच घडत नाही. त्या क्षणी अधीर होऊन पाय आणखी दाबला की मागाहून सगळा टॉर्क एकदम येऊन आदळतो.

बारी उतार (धुळे)

साहेब, गणित वहीत सुरेख दिसते. आपण गाडी चालवता की वही चालवता, हा प्रश्न मात्र पडला.

ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायला मी सांगतो, त्यामागे अनुभव आहे. गेल्या पावसाळ्यात लळिंगच्या पायथ्याशी एका ढाब्यावरून महामार्गावर येत होतो. कडेला मुरूम, त्यावर पाणी, मागून ट्रक. पाय दाबला आणि पुढचे चाक जरा घसरताच त्या यंत्रणेने इंजिनाचा गळाच आवळला. गाडी रस्त्यावर अर्धी आडवी, पाय तळाशी आणि इंजिन मात्र विचारात पडलेले! ट्रकवाल्याने डिपर मारून उजवीकडे काढला म्हणून आज हे लिहीत आहे. ज्या बटणाने मला तेथे अडकवले, ते मी चालू ठेवावे, असा आपला आग्रह आहे काय?

शिवाय टायरची सर्वाधिक पकड चाक किंचित घसरत असतानाच मिळते, हे आपण सोयीस्करपणे लिहिलेले नाही. हवेचे म्हणाल तर २६ वर माझी गाडी जमिनीला चिकटून सुटते.

गिरणाकाठ

किंचित घसरणे हे दहा-पंधरा टक्क्यांचे असते, म्हणजे गाडी ताशी वीस किलोमीटरने जात असेल तर चाकाने बावीस-तेवीसच्या वेगाने फिरावे. आपण चार हजार फेऱ्यांवर क्लच सोडता तेव्हा गाडी जेमतेम हललेली असते आणि चाक तीसच्या पुढे पोहोचते. आपला मुद्दा खरा आहे आणि आपल्याच सल्ल्याच्या विरोधात जातो.

लळिंगच्या प्रसंगाबद्दल सहानुभूती आहे, परंतु तेथे दोष बटणाचा नव्हता. डावीकडे वळून महामार्गावर येताना डावे चाक वळणाच्या आतले असते, त्यावर भार कमी असतो आणि वर ते मुरमावर असते. साधे डिफरन्शियल (इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरची जोडणी) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देते, म्हणजे मुरमावरचे चाक जेवढे झेलते तेवढाच डांबरावरच्या चाकालाही मिळतो. बटण बंद असते तर डावे चाक खडी उडवत राहिले असते, उजवे तसेच मंद राहिले असते आणि ट्रक तेवढाच जवळ आला असता. दोन्ही चाके डांबरावर येईपर्यंत पाय रोखावा आणि तेवढी जागा मागच्या रहदारीत नसेल तर थांबावे.

टायर गल्ली (भुसावळ)

माझे टायरचे दुकान आहे, म्हणून हवेवर बोलण्याचा अधिकार मला असावा. २६ चा सल्ला ज्याने दिला त्याने तो ड्रॅग शर्यतीच्या व्हिडिओतून उचललेला आहे. त्या शर्यतींच्या टायरची बाजू मुद्दाम मऊ आणि सुरकुतणारी बनवलेली असते. आपल्या १९५/५५ मापाच्या टायरमध्ये हवा कमी केली की मधली नक्षी उचलली जाते, भार दोन्ही कडांवर येतो आणि बाजू लवते. एखाद-दोन अंकांनी पकड किंचित सुधारल्यासारखी वाटते, हे मी नाकारत नाही. मात्र हीच गाडी पुढे त्याच हवेवर महामार्गावर शंभरने धावणार आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला जास्त दबतो, जास्त तापतो आणि शेवटी बाजूनेच फाटतो. दुकानात येणाऱ्या फुटलेल्या टायरच्या आतल्या बाजूला रबराचा भुसा आणि बाजूभर काळी वर्तुळाकार रेघ असते. ती जास्त हवेची खूण नव्हे, कमी हवेवर पळवल्याची आहे.

पकडच हवी असेल तर टायरचे वय पाहा. बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आपल्याकडच्या उन्हात सहा वर्षे काढलेला टायर नक्षी शिल्लक असली तरी दगडासारखा कडक झालेला असतो आणि गिऱ्हाईक सांगते, ‘नवाच आहे, घासला कुठे?’

अमळनेरकर

टायर गल्लीवाल्या भाऊंनी उन्हाळ्याचा विषय काढला म्हणून लिहितो. आमच्या घरी वडिलांपासूनची पद्धत आहे: अक्षय्य तृतीया जवळ आली की चारही टायरमधली हवा चार अंकांनी कमी करायची. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, हवा फुगते आणि पूर्ण हवेचा टायर फुटतो, हे शाळकरी मुलालाही कळते. आमचा एकही टायर आजवर फुटलेला नाही. दुकानदार मंडळी टायर खपावे म्हणून उलटे सांगतात, असे म्हणायचे नाही, पण शंका येते.

टायर गल्ली

शंका घ्या, पण हिशेबही घ्या. साधारण साडेपाच अंश तापमान वाढले की हवा एका अंकाने वाढते. सकाळी थंड टायरमध्ये ३३ भरली तर दुपारी मुक्ताईनगरपर्यंत जाऊन आल्यावर ३८ दिसेल. ही वाढ कंपनीने धरलेली असते, म्हणूनच चालकाच्या दारालगतच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. आपण २९ भरता तेव्हा टायर जास्त लवतो, जास्त तापतो आणि ज्या उष्णतेची आपल्याला भीती वाटते तीच आपण वाढवता. वडिलांचे टायर फुटले नाहीत, यामागे वडील गाडी पन्नासने चालवत, हेही कारण असू शकते.

अमळनेरकर

वडिलांना यात ओढण्याचे कारण नव्हते. ते महामार्ग दुपदरी असताना, आपल्या दुकानाचा पाया घातला जाण्याआधीपासून, अमळनेर-सुरत गाडी चालवत होते. आणि नायट्रोजनचे काय? नायट्रोजन भरला की हवा वाढत नाही, असा फलक आपल्यासारख्यांच्याच दुकानांवर लावलेला असतो ना?

टायर गल्ली

माझ्या दुकानावर तो फलक नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तापल्यावर तोही हवेइतकाच फुगतो. फरक पडतो तो हवेबरोबर आत जाणाऱ्या ओलाव्याचा, आणि तोही कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज न काढणाऱ्या पंपावर.

बारी उतार

हवेच्या दुकानदारीत मूळ प्रश्न हरवला. मी २६ वर गाडी काढली की चाक फिरत नाही आणि ३३ वर काढली की फिरते. डोळ्यांनी पाहिलेले खोटे आणि स्टिकर खरा, असे असेल तर चर्चाच नको.

गिरणाकाठ

२६ वर आपण कोठे काढता आणि ३३ वर कोठे काढली होती? तीच जागा, तेच ऊन, तोच पाय होता काय?

बारी उतार

उलटतपासणी नको. मी आरोपी नाही.

सावदा केळी

एवढे शिकलेले लोक हवेवर भांडत आहेत, म्हणून शेतकऱ्याने दोन शब्द बोलावे. चाक जागेवर फिरणे काय असते, ते काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर ट्रॅक्टर घालणाऱ्याला विचारा. आम्ही मागच्या मोठ्या टायरमध्ये पाणी भरतो, कारण ज्या चाकाने ओढायचे आहे त्यावर वजन हवे. ट्रॅक्टर मागच्या चाकांनी ओढतो आणि ओढताना भार मागेच येतो, म्हणून निसर्ग आमच्या बाजूने आहे. तुमच्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात आणि जोर लावला की भार त्याच चाकांवरून निघून जातो. पाच माणसे आणि डिकीत सामान भरून चढावर गाडी काढून पाहा, मग आणखीच कळेल. एक चाक चिखलात फिरू लागले तर आमच्याकडे डिफरन्शियल लॉकचा पेडल असतो, दोन्ही चाके एकत्र बांधली जातात. तुमच्या पंधरा लाखांच्या गाडीत तो नाही आणि आमच्या ट्रॅक्टरमध्ये आहे, याची मला गंमत वाटते. फसल्यावर रेस देणारा नवखा पोरगा चाक आसापर्यंत पुरतो. जुना माणूस गिअर वरचा टाकतो आणि हळू सोडतो. गिरणाकाठवाल्या दादांनी सातशे-पाचशे करून तेच सांगितले आहे.

एक तक्रार मात्र आहे. रस्त्यावर माती आणि केळीची पाने पडतात म्हणून गाड्या घसरतात, असे मागे याच गटात कोणीतरी लिहिले होते. शेताला रस्ताच नाही, तर ट्रॅक्टर आकाशातून आणायचा काय? रावेर-सावदा भागात कापणीच्या दिवसांत रस्त्यावर पाने असणारच. तेथे गाडी पळवू नये.

बारी उतार

काकांचे मान्य. निदान त्यांनी चिखल पाहिलेला आहे. फसलेली गाडी काढताना बटण बंद करावे लागते, हे तरी गिरणाकाठ मान्य करतील?

गिरणाकाठ

चिखलात किंवा खोल वाळूत अडकल्यावर बंद करावे, कारण तेथे यंत्रणा जोर इतका तोडते की गाडी जागची हलतच नाही. गाडीच्या पुस्तिकेतही तसेच लिहिलेले असते. बाहेर पडताच चालू करावे. लळिंगजवळ आपण अडकलेले नव्हता, घाईत होता.

जुना पोलो (नंदुरबार)

डीएसजीवाल्यांसाठी (आत दोन क्लच असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) एक ओळ: आपल्याकडे क्लचचा पेडल नाही, म्हणून ब्रेक सोडून गाडी आधी सरपटू द्यावी आणि मग पाय द्यावा, ब्रेक दाबून रेस दिल्यास आतले क्लच तापतात आणि ते बदलण्याचा खर्च ऐकून माणूस एस.टी.ने फिरू लागतो. तोरणमाळच्या वळणांवर दुसऱ्यात जोर दिला तरी आतले चाक चिर्र करते. तेथे स्टिअरिंग उलगडत जाईल तसाच पाय उलगडावा.

अमळनेरकर

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. मुळात गाडी सुसाट काढायचीच कशाला, हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

गिरणाकाठ

विचारला नाही, कारण शर्यतीचा विषयच नव्हता. एरंडोल किंवा पारोळ्याच्या बाजूच्या रस्त्यावरून चौपदरी महामार्गावर येताना मागची वाहने ऐंशी-नव्वदने येत असतात. तेथे चाळीसने रांगत शिरणे अधिक धोक्याचे आहे. गाडी पटकन वेगात आणता आली पाहिजे आणि ती चाक न फिरवता आणता आली पाहिजे, कारण फिरणारे चाक स्टिअरिंगचेही ऐकत नाही. पुढच्याच चाकांनी ओढायचे आणि पुढच्याच चाकांनी वळायचे असल्यामुळे पकड ओढण्यात संपली की वळायला काही उरत नाही. बारी उतार यांची गाडी त्या दिवशी अर्धी आडवी का राहिली, याचे उत्तर त्यातच आहे.

बारी उतार

ठीक आहे. लवकर दुसरा टाकण्याची गोष्ट कालपासून करून पाहिली आणि गाडी खरोखर बरी निघते, हे लिहून टाकतो, म्हणजे काही लोकांना रात्री झोप लागेल. बटणही चालू राहील, पावसाळ्यापुरते. हवा मात्र २६ च राहणार.

टायर गल्ली

खुशाल ठेवा. फक्त भुसावळच्या बाजूला आलात तर स्टेपनीत तरी ३३ भरून घ्या, लवकरच लागणार आहे.