माइल्स घ्यावेत की व्हाउचर? आईबाबांच्या फ्लाइटचा घोळ

आळूवडी:
नमस्कार मंडळी, जरा घाईतला प्रश्न आहे. आईबाबा माझ्याकडे हॅम्बुर्गला अडीच महिने राहून गेल्या आठवड्यात परत गेले. एकच तिकीट, मध्ये एकदा विमान बदलायचं आणि मग मुंबई. पहिलंच विमान टेक्निकल बिघाड म्हणून दोन तास उशिरा सुटलं, पुढचं हुकलं आणि शेवटी मुंबईला नऊ तास लेट पोचले. आईला शुगर आहे, बाबांना एवढ्या मोठ्या एअरपोर्टवर गेट शोधत पळायला जमत नाही, त्यात दोघांत मिळून जेवणाचं एक कुपन दिलं ज्यात दोन चहा आणि एक कोरडा पाव आला. पुण्याहून बोलावलेल्या टॅक्सीचं वेटिंग वेगळंच. मी तक्रार केली तर आता मेल आलाय, दिलगीर आहोत वगैरे, आणि खाली दोन बटणं, प्रत्येकी ३०,००० माइल्स (एअरलाइनचे पॉइंट, ज्यावर पुढे तिकीट काढता येतं) किंवा प्रत्येकी ३०० युरोचं व्हाउचर. १४ दिवसांत निवडा म्हणे. नवरा म्हणतो माइल्स घे, पुढच्या वर्षीचं तिकीट फुकट होईल. मला व्हाउचर बरं वाटतंय. कुणाला अनुभव आहे का?

खिडकीची_सीट:
फुकट तिकीट कसलं हो. माइल्सवर फक्त भाडं सुटतं, टॅक्स आणि सरचार्ज खिशातूनच भरायचा आणि लांबच्या फ्लाइटला तो आकडा बघून घेरी येते. दुसरं म्हणजे ३० अधिक ३० साठ होत नाहीत इथे, आईंचे आईंच्या खात्यात बाबांचे बाबांच्या खात्यात, एकत्र करायची सोय सगळीकडे नसते आणि त्यांची खाती तरी आहेत का? शिवाय तुम्हाला पाहिजे त्या तारखेला, म्हणजे मे महिन्यात नाहीतर दिवाळीला, माइल्सवाली सीट नसतेच, सापडली तर ती फेब्रुवारीतल्या मंगळवारी. आणि किती माइल्सला तिकीट हे तेच ठरवतात, आज एक उद्या दुसरं. मी स्वतः माइल्स जमवणारा माणूस आहे तरी सांगतो, जे वर्षातून सात-आठदा उडतात त्यांनाच ते परवडतं.

बोरिवली_फास्ट:
व्हाउचर पण बघून घ्या ताई. मी एकदा घेतलं होतं, दोनशेचं. नंतर कळलं की वर्षभरात वापरायचं, त्यांच्याच वेबसाइटवर, स्वतःच्याच नावाचं तिकीट काढायचं, आणि एकदाच चालणार. माझं तिकीट निघालं १४० चं, वरचे ६० गेले पाण्यात. तुमच्या आईबाबांना वर्षाच्या आत परत यायचं नसेल तर त्या कागदाचा काय उपयोग, तुम्ही त्यावर जाऊ शकणार आहात का ते आधी विचारा.

कागद_जपून_ठेवा:
थांबा थांबा, कुठलंही बटण दाबू नका!! वरच्या दोघांचं बरोबर आहे पण तुम्हाला या दोन्हींतलं काहीच घ्यायची गरज नाही. विमान युरोपियन युनियनमधून सुटलं की एअरलाइन कुठल्याही देशाची असो, २६१/२००४ हा नियम लागतो. एकाच बुकिंगवर कनेक्शन असेल तर शेवटच्या ठिकाणी किती उशीर झाला ते बघतात, म्हणजे पहिलं विमान दोनच तास लेट होतं हे त्यांचं उत्तर चालत नाही. मुंबईला विमानाचं दार उघडलं ती वेळ धरायची. अंतर ३,५०० किमीच्या वर असेल आणि उशीर चार तास किंवा जास्त, तर माणशी ६०० युरो (तीन ते चार तासांत असेल तर निम्मे करू शकतात). दोघांचे १,२०० झाले. रोख किंवा बँकेत. व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सहीनिशी संमती लागते, ते बटण त्यासाठीच आहे.
वादळ किंवा एटीसीचा, म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलर लोकांचा संप असता तर पैसे मिळाले नसते, पण नेहमीचा टेक्निकल बिघाड ही सबब चालत नाही, युरोपच्या कोर्टाने २००८ मध्येच सांगितलंय. उलट दिशेने मुंबईहून भारतीय एअरलाइनने येत असते तर मात्र हा नियम लागू नव्हता.

बोरिवली_फास्ट:
अरेच्चा. म्हणजे मी गाढवपणा केला का? माझी फ्लाइट पॅरिसहून होती.

कागद_जपून_ठेवा:
ज्याला नीट माहिती न देता कमी भरपाईवर राजी केलं असेल त्याला उरलेली रक्कम कोर्टात मागता येते असं त्याच नियमात आहे. मुदत मात्र देशागणिक वेगळी. जर्मनीत प्रवासाचं वर्ष संपल्यापासून तीन वर्षं, त्यामुळे ते १४ दिवस आळूवडीताईंनी मनावर घेऊ नये.

खिडकीची_सीट:
हे भारतातल्या फ्लाइटला आहे का? परवा नागपूरला सहा तास बसलो होतो.

कागद_जपून_ठेवा:
नुसत्या उशिराला रोख काही नाही. सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड, आणि खाणंपिणं. तिकीट असून चढू दिलं नाही तर मात्र डीजीसीएच्या (आपल्या सरकारचं विमान वाहतुकीवर देखरेख करणारं खातं) नियमात पैसे आहेत, २४ तासांच्या आत दुसरी फ्लाइट दिली तर १०,००० रुपयांपर्यंत, त्यापेक्षा उशिरा दिली तर २०,००० पर्यंत.

आळूवडी:
देवा, बरं झालं विचारलं, मी रात्रीच व्हाउचरवर क्लिक करणार होते. आत्ता बाबांना फोन केला. बोर्डिंग पास त्यांनी पंचांगात खुणेला घालून ठेवलेत, चारही! आईने तर ते कुपनसुद्धा पर्समध्ये जपलंय, वापरलेलं. दोघांच्या नावाने अर्ज लिहायला घेतलाय, बिघाडाचं कारण लेखी द्या असंही त्यात टाकते, आणि सही करून फोटो पाठवायचं काम शेजारच्या काकूंकडे.
नवरा अजून विचारतोय, ६०० युरो घेऊन वर थोडे माइल्स मागता येतील का म्हणून.