मदत हवी आहे: परवडणाऱ्या घरांच्या सोडतीत 'स्थानिक' कोणाला धरायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या वस्तीला लागून परवडणाऱ्या घरांचा प्रकल्प येतोय. त्यातली काही घरं स्थानिकांसाठी राखून ठेवावीत अशी रहिवाशांची मागणी आहे. सूचनांचा मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी पहिल्याच कलमाशी अडलेय.

बैठकीत 'सलग दहा वर्षांचं वास्तव्य' ही अट सगळ्यांना पटली होती. मग शेजारच्या ताईंनी कागदांची पिशवी टेबलावर रिकामी केली. एकोणीस वर्षं भाड्याने राहतात. वीजबिल घरमालकाच्या नावावर, करार कायम तोंडी, भाडं वाढलं म्हणून दोनदा खोली बदललेली. हाताशी फक्त मुलीच्या शाळेच्या पावत्या, त्याही मधल्या चार वर्षांच्या गहाळ. म्हणजे या अटीने पहिल्या त्याच बाहेर पडणार. हा सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी, त्याच!

दुसरी गोष्ट मला जास्त छळतेय. न्यूयॉर्कमध्ये अशा सोडतींत १९८८ पासून ३० टक्के घरं त्या-त्या भागातल्या रहिवाशांसाठी राखीव असत, २००२ मध्ये ते प्रमाण ५० टक्के झालं. पण तिथे वर्णानुसार वस्त्या वेगळ्या पडलेल्या, त्यामुळे बाहेरच्यांना त्या भागात शिरणंच अवघड होतं, असं म्हणत २०१५ मध्ये दावा दाखल झाला. २०२४ च्या तडजोडीत प्रमाण २० टक्क्यांवर आलं, २०२९ पासून १५ होणार. आमचं कलमही उद्या कुणाला दाराबाहेर ठेवायला वापरलं जाईल का, या विचाराने झोप लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ मध्ये एका प्रकल्पासाठी केंद्रीय गृहनिर्माण खात्याने सरसकट स्थानिक प्राधान्य नाकारलं, पण जिथून लोकांना उठावं लागण्याचा धोका आहे अशा वस्त्यांतल्यांना प्राधान्य चालेल म्हटलं. मला हीच दिशा बरोबर वाटते.

तर जाणकारांनी कृपया सांगा. भाडेवाढीमुळे हलावं लागलेल्यांचं वास्तव्य खंडित धरू नये, हे कलमात नेमकं कसं लिहायचं? शाळेच्या पावत्या, दवाखान्याचे केसपेपर, शेजाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र, यांतलं काय छाननीत टिकतं? आणि वस्ती सोडून गेलेल्यांना परत येता यावं म्हणून वेगळा हिस्सा मागावा की त्याच कोट्यात धरावं? कुणी अशा छाननीचं काम केलं असेल तर अनुभव जरूर लिहा. मसुदा पुढच्या आठवड्यात द्यायचाय.