गीझरच्या लाइनमध्ये २१ व्होल्ट कुठे जातात? मदत हवी आहे

कोपरखैरण्यात जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट. गीझर २००० वॅट, २३० व्होल्टचा. पाणी तापायला आता बराच जास्त वेळ लागतो. वायरमन म्हणाला, ‘एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) गेलं, बदला.’ मला पटलं नाही म्हणून स्वतः मोजलं.

गीझर बंद असताना सॉकेटवर २२९ व्होल्ट. चालू केल्यावर २०८, करंट ७.९ अँपिअर (करंट मोजणारा क्लॅम्प मीटर एकाच तारेभोवती होता, दोन्हींवर नाही). २०८ भागिले ७.९ म्हणजे साधारण २६.३ ओहम. दोनशे तीसचा वर्ग भागिले २००० केलं तरी साडेसव्वीसच्या आसपास, म्हणजे एलिमेंट ठणठणीत. पॉवर मात्र जेमतेम १६४० वॅट मिळते.

मग २१ व्होल्ट गेले कुठे? २१ भागिले ७.९, म्हणजे वाटेत सुमारे २.७ ओहम, आणि तिथे १६६ वॅट उष्णता! वायर तांब्याची, २.५ स्क्वेअर एमएम. जाऊन-येऊन ३० मीटर धरली तरी पाव ओहमसुद्धा होत नाही.

त्याच वेळी किचनच्या सॉकेटवर २२७, त्यामुळे मीटरकडची बाजू ठीक असावी. गीझरची लाइन डीबीपासून (घरातला मेन स्विचबोर्ड) स्वतंत्र आहे. प्लग टॉप नवीन बसवला, फरक शून्य. स्विचची प्लेट कोमट लागते. गीझर चालू असताना त्याच्या सॉकेटवर न्यूट्रल-अर्थमध्ये फक्त २ व्होल्ट.

सध्या गीझर बंद ठेवलाय. वायरिंग कन्सील्ड (भिंतीच्या आत) आहे, टाइल्स फोडायच्या नाहीत. दोष फेजच्या बाजूलाच आहे हे बरोबर ना? आणि स्विच, एमसीबीचा (डीबीतल्या ट्रिप स्विचचा) स्क्रू की मधला जॉइंट, हे वायरमनकडून कुठल्या दोन बिंदूंमध्ये मोजून घेऊ?