स्विच पिंग होतो, एसएनएमपी मात्र टाइमआउट

प्रश्न: सर्व्हरवरून स्विच पिंग होतो, पण एसएनएमपी व्ही२सीला (उपकरणांची स्थिती नेटवर्कवरून विचारायच्या प्रोटोकॉलची एक आवृत्ती) उत्तर येत नाही. दोष नेटवर्कच्या सात थरांपैकी (ओएसआय मॉडेल) कोणत्या थरात शोधू?

उत्तर: पिंग म्हणजे आयसीएमपी, नेटवर्कचे तपासणीचे संदेश. त्यावरून तिसऱ्या थरापर्यंतची वाट मोकळी आहे, एवढंच कळतं. एसएनएमपी सातव्या थरातला, जातो यूडीपी पोर्ट १६१ वरून. आधी फायरवॉल आणि स्विचवरची एसीएल (कोणाला आत येऊ द्यायचं याची यादी) बघा. मग कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डसारखा शब्द: ती चुकली की एजंट (स्विचमधला उत्तर देणारा प्रोग्राम) नकार कळवत नाही, पॅकेट टाकून देतो, म्हणून टाइमआउटच दिसतो. कॅपिटल-स्मॉल अक्षरंही तपासा.

उत्तर: ट्रॅप (स्विच आपणहून पाठवतो त्या सूचना) उलट दिशेने येतात, सर्व्हरवर यूडीपी १६२ उघडा.

उत्तर: एसएनएमपी सुरू झालं की पुढचा धोका ट्रॅफिकच्या आलेखात आहे. गिगाबिट पोर्टवर ३२ बिटी काउंटर (गेलेले बाइट मोजणारा आकडा) पूर्ण वेगात सुमारे ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. ५ मिनिटांनी वाचलात तर आकडे खोटेच. ६४ बिटी काउंटर घ्या. व्ही१ वर ते मिळत नाहीत.