रघुराजपूर: चित्रकारांचं गाव की दुकानांची रांग?

विजापूररोडवाला
कोणार्क एक्स्प्रेस सोलापूरवरून थेट भुवनेश्वरला जाते, त्यामुळे आपल्याकडचे पुष्कळ लोक पुरीला जगन्नाथाला जातात आणि तिथून जवळच्या रघुराजपूरलाही. माझं मत: जाऊ नका. वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेनं २००० साली वारसा गाव ठरवलं, घरांच्या भिंती रंगवलेल्या, सगळं खरं. पण रिक्षातून पाय खाली ठेवला की ओसरीओसरीवरून हाका. "घेऊ नका, नुसतं बघा." आत गेलं की एकेक पट, म्हणजे कापडावरचं चित्र, उलगडत जातो, आणि मग रिकाम्या हातानं उठायची लाज वाटते. मी चित्रं बघायला गेलो होतो, बाजाराला नाही.

पूर्वभागातली सून
मग बाजार असला तर बिघडलं काय, सर? पुरीचे यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या तिथले पट विकत घेऊन घरी जातायत. त्यांना नावच 'यात्री पट्टी'. स्नानपौर्णिमेनंतर देव आजारी पडतात, पंधरवडाभर दर्शन बंद असतं. त्या दिवसांत मूर्तींऐवजी पट पुजतात, तेही चित्रकारांनीच काढलेले. देवळाचं काम करणारे हातच यात्रेकरूंसाठीही रंगवत आले. गिऱ्हाईक काल-परवा आलेलं नाही.

चिंचोका
+१. आणि भाव करणाऱ्यांनी आधी काम बघावं. सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, खडूची पूड चढवायची, वाळलं की दगडानं घोटायचं. (खळ म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको.) शंखाचा पांढरा, काजळीचा काळा, हरताळाचा पिवळा, हिंगुळाचा लाल. एवढं झाल्यावर कुठं रेघ सुरू होते. आणि आपण विचारणार, "शेवटचं किती?"

विजापूररोडवाला
सगळे पट तसे नसतात हो. बाटलीतले तयार रंगही चालतात आता. दहा मिनिटं टेकलेल्या माणसाला फरक कळतो का? शिवाय गोटीपुआ. मुलींच्या वेशात नाचणाऱ्या मुलांची ती परंपरा. केलुचरण महापात्रांसारखा ओडिसी नृत्याचा गुरू त्याच गावचा. त्या पोरांना मोबाइलसमोर "जरा नाचून दाखव" म्हणणं मला तरी बघवत नाही.

पूर्वभागातली सून
नाचाचं पटलं. बाकी नाही. १९५०च्या दशकात पटांची ही कला मागे पडलेली असताना हॅलिना झीली या बाहेरून आलेल्या बाईंनीच चित्रकारांना पुन्हा कामाला लावलं.
आता घरचं बोलते. माझे सासरे हातमागावर बसायचे. मग यंत्रमाग आले. सोलापूरच्या पूर्व भागात, आम्हा विणकरांच्या वस्तीत, माग बघायला कोण पाहुणा आला? पानिपतची चादर सोलापुरी म्हणून खपते आणि घेणाऱ्याला पत्ता नसतो, कारण खरी कुठं नि कशी विणतात ते त्यानं कधी पाहिलेलंच नाही. आमच्या दारात कुणी रिक्षातून उतरलं असतं, तर मीही हाक मारली असती. एकदा नाही, चारदा.

विजापूररोडवाला
ताई, चादर अंगावर घ्यायची वस्तू आहे. पट तसा नाही.

पूर्वभागातली सून
विणणाऱ्याला आणि रंगवणाऱ्याला भूक सारखीच लागते, सर.

कुडाळचा जावई
एवढ्या लांब कशाला जाता? आमच्या सासुरवाडीजवळ पिंगुळी आहे. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची), कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, २०२१ ची पद्मश्री मिळाली. निवांत बसून बघता येतं, कुणी मागे लागत नाही.

चिंचोका
जावईबापू, मागे लागायला किती घरं उरलीत तिथं चित्रकथी करणारी?

विजापूररोडवाला
पिंगुळीला जाईन. रघुराजपूरबद्दल एवढंच म्हणतो, बस भरून लोक नेऊ नका. दोघं-तिघं जा, एकाच घरी तासभर बसा.

पूर्वभागातली सून
बस न्या की! फक्त सगळे पहिल्याच घरात घुसू नका, गल्लीच्या टोकापर्यंत चाला. आणि रंग कुठला ते तोंडानं विचारा.