फिशरची लाट आणि अमेरिकन बुद्धिबळ महासंघाचे सभासद : आपले अनुभव

१९७२ च्या उन्हाळ्यात आइसलंडमधील रेक्याविक येथे विश्वविजेतेपदाच्या सामन्यात अमेरिकेच्या बॉबी फिशरने सोव्हिएत संघाच्या बोरिस स्पास्कीला १२½–८½ असे हरवले आणि त्यानंतर वर्षभरात अमेरिकन बुद्धिबळ महासंघाची सभासदसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. त्या काळात किंवा पुढे ज्यांनी अमेरिकेतील क्लबांचे कामकाज पाहिले असेल, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती.

जुना विद्यार्थी
मी तेव्हा विद्यापीठात होतो. सार्वजनिक दूरचित्रवाणीवर शेल्बी लायमन पुढची चाल येईपर्यंत तासन्‌तास बोलत असत, आणि घोडा कसा चालतो हेही ज्यांना ठाऊक नव्हते, असे वसतिगृहातील मित्र पडद्यासमोर बसून चाली सुचवीत. त्यांपैकी सभासद मात्र थोडेच झाले. महासंघाच्या मानांकित स्पर्धेत (जिच्या निकालावरून खेळाडूच्या ताकदीचा आकडा, म्हणजे मानांकन, ठरते) उतरायचे तर वर्गणी भरणे सक्तीचे होते. म्हणून ज्यांना आपल्या नावापुढे मानांकनाचा आकडा हवासा वाटला, त्यांनीच पैसे भरले.

माजी खजिनदार
आमच्या क्लबात नवे लोक आले, त्यांतील बहुतेक प्रौढ आणि अगदी नवशिके होते. त्यांना मुरलेल्या खेळाडूंबरोबर एकाच गटात बसवले जाई. शनिवार-रविवारच्या स्पर्धेत सगळे डाव हरून गेलेला माणूस पुढच्या वर्षीची वर्गणी कशासाठी भरेल? नवशिक्यांसाठी वेगळा गट सुरू केल्यावर थोडे लोक टिकले, पण तोवर उशीर झाला होता.

पुढे सभासदांची जी गळती झाली, तिचे खापर सहसा एप्रिल १९७५ वर फोडले जाते. विजेतेपदाचा सामना दहा विजयांपर्यंत चालावा, ही फिशरची मागणी फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) मान्य केली होती. ९–९ अशी बरोबरी झाल्यास पद आधीच्या विश्वविजेत्याकडेच राहावे, ही मागणी फेटाळली, तो खेळला नाही आणि त्याचा आव्हानवीर अनातोली कार्पोव्ह न खेळताच विश्वविजेता ठरला. माझे मत थोडे वेगळे आहे. रेक्याविकनंतर फिशर एकाही स्पर्धेत उतरला नव्हता, त्यामुळे वर्तमानपत्रांतून खेळ आधीच नाहीसा होत चालला होता आणि आमच्याकडे नूतनीकरणाचे अर्ज त्या एप्रिलपूर्वीच कमी येऊ लागले होते. (पत्रव्यवहाराने खेळणारे सभासद तेवढे हलले नाहीत, त्यांना बहुधा कोण विश्वविजेता आहे याच्याशी कर्तव्यच नसावे.)

शाळकरी खेळाडूची आई
२०१८ मध्ये फॅबियानो कारुआना लंडनला मॅग्नस कार्लसनशी खेळला. फिशरनंतर निर्विवाद विश्वविजेतेपदासाठी खेळणारा तो पहिलाच अमेरिकन. मुख्य बाराही डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत तो हरला. मुलाच्या वर्गात त्यावर चर्चा झाली, पण त्यामुळे कोणी नवे आल्याचे आठवत नाही. मुले येतात ती मित्रांमुळे आणि शाळेचा संघ असतो म्हणून.

पंच
खजिनदारांचे म्हणणे पटते, तरी नूतनीकरणाच्या आकड्यांत एक गोष्ट दिसत नाही. मी ज्यांच्या हाताखाली पंचाचे काम शिकलो, ते १९७२ च्या शरद ऋतूत सभासद झालेले होते, आणि आमच्या भागातील शालेय स्पर्धा पुढे वर्षानुवर्षे भरवणारे दोघेही त्याच लाटेतले. त्यांचे स्वतःचे मानांकन कधीच फारसे वाढले नाही.